वतन गेले, आता वेतन मागावयास शिका



आपल्या घरातील मुलगा अथवा मुलगी अभियंता झाली, ही वार्ता आज नवलाची राहिलेली नाही. शिर्डीच्या परिसरात तर ती मुळीच नवलाची नाही. लोणीचे प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय, कोपरगावचे संजीवनी आणि संगमनेरचे अमृतवाहिनी ही तिन्ही महाविद्यालये १९८३ साली निघाली, आणि घरून एस. टी.ने जाऊन-येऊन शिकता येईल इतक्या अंतरावर ती उभी आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. तिच्या आधाराने आपल्या वस्तीतील किती मुले पदवीपर्यंत पोहोचली, याचा हिशेब आपणच आपल्या मनाशी करावा. एवढा डोंगर चढून गेल्यावर हे मूल पहिल्या नोकरीच्या मुलाखतीस बसते, आणि समोरचा अधिकारी विचारतो, "आपली वेतनाची अपेक्षा काय?" त्या क्षणी आपल्या मुलाची मान खाली जाते आणि तो म्हणतो, "आपण द्याल ते."

या तीन शब्दांविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. हे शब्द नम्रतेचे आहेत असे आपण समजतो. ते नम्रतेचे नाहीत. ते बलुत्याचे आहेत. धर्म बदलला, नाव बदलले, देव्हारा गेला, पण हे तीन शब्द अजून घरात राहिले आहेत. त्यांनाही घराबाहेर काढल्यावाचून आपले धर्मांतर पुरे झाले असे म्हणता यावयाचे नाही.

हे शब्द कोठून आले?

आपले आजे-पणजे गावकीचे काम करीत. वर्दी देणे, सरकारी टपाल पोहोचविणे, सारा भरण्यास माणसे बोलावून आणणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे ठरलेली होती. त्या कामांचा मोबदला मात्र ठरलेला नव्हता. सुगीत खळ्यावर जाऊन उभे राहावे आणि मालकाच्या मनात येईल तितके धान्य पदरात पडावे. संध्याकाळी भाकरीसाठी दारोदार आरोळी द्यावी आणि जे शिळेपाके मिळेल ते घेऊन यावे, अशी रीत होती. म्हणजे काम हे सक्तीचे कर्तव्य आणि दाम ही दुसऱ्याची दया! ज्याने अधिक मागितले तो माजला, आणि ज्याने निमूटपणे घेतले तो इमानी, असा निवाडा गावाने पिढ्यान् पिढ्या केला.

बाबासाहेबांनी हे मर्म ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कामाला निश्चित मोबदला मिळावा आणि ज्याला वतनातून मोकळे व्हावयाचे असेल त्याला होता यावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे, त्यांच्या अध्यक्षतेखाली महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरली. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली. वतन आणि वेतन या शब्दांत एका मात्रेचेच अंतर दिसते. पण ते अंतर तोडण्यास आपल्या समाजास तीस वर्षे लढावे लागले.

वतन सुटल्यावर आपली जी पिढी शिकली ती बहुधा सरकारी नोकरीत गेली. रेल्वे, टपाल, नगरपालिका, शाळा, दारूगोळ्याचे कारखाने या ठिकाणी तिने भाकरी मिळविली. तेथे पगार मागावा लागत नाही. तो छापलेला असतो. आजही महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३८,६०० ते १,२२,८०० रुपये अशी जाहीर आहे, आणि उमेदवाराचे आडनाव कोणते आहे यावरून तीत एका रुपयाचा फरक पडत नाही. त्या पिढीसाठी दार बाबासाहेबांनी उघडून ठेवले होते आणि दाराच्या आतील पगार सरकारने छापून ठेवला होता. तिला घासाघीस करावी लागली नाही, म्हणून ती कला तिला अवगत झाली नाही. आणि जी कला बापाला अवगत नाही ती तो मुलाला कोठून देणार?

आता तिसरी पिढी खाजगी कंपन्यांच्या दाराशी उभी आहे. नाशिकचे सातपूर व अंबड, सिन्नरची औद्योगिक वसाहत, वाळूज, चाकण, हिंजवडी ही तिची ठिकाणे. तेथे आरक्षण नाही. अनेक ठिकाणी छापील श्रेणीही नाही. पगार ठरतो तो बोलण्यात. ज्या घरात बाप, काका, मामा कंपन्यांतून काम करीत आले त्या घरातील मुलाला जेवताना सहज समजते की अमुक कामाला अमुक पगार असतो, आणि पहिल्या आकड्यास लगेच होकार द्यावयाचा नसतो. आपल्या मुलाला हे सांगणारे घरात कोणी नाही. गुणवत्तेत तो कमी नाही. माहितीत कमी आहे. आणि माहितीची उणीव भरून काढता येते.

यात भीतीचाही वाटा आहे, हे नाकारून चालणार नाही. ज्या हरेगावात १९३९ साली वतनदारांनी ताठ मानेने परिषद भरविली, त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या केवळ संशयावरून चार दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. अशा प्रदेशात आईबाप मुलांना "गप्प राहा, मिळेल ते घे, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नको" असे शिकवितात, ते मूर्खपणाने नव्हे. ते मुलांच्या प्राणाच्या काळजीने. परंतु गावच्या चावडीपुढे प्राण वाचविणारे मौन कंपनीच्या मुलाखतीत मात्र पोटावर पाय आणते. मौनाची जागा कोणती आणि बोलण्याची जागा कोणती, हा विवेक आपण मुलांना दिला पाहिजे.

पगार हा प्रसाद नव्हे

शिर्डी हे लक्षावधी भाविकांचे गाव आहे. आपल्यापैकी पुष्कळांची उपजीविका त्या गर्दीवर चालते. कोणी हॉटेलात, कोणी दुकानात, कोणी गाडीवर. दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करणे हे बौद्धाचे लक्षण नव्हे, आणि ती येथे करावयाचीही नाही. परंतु बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून मुलाच्या नोकरीसाठी अजून नवस बोलला जात असेल, तर तेथे थांबून विचार करावयास हवा. कार्यास कारण असते, हे तथागतांनी शिकविले. नोकरीस कारण मुलाचे कौशल्य आणि कंपनीची गरज हे होय. या दोहोंचा मेळ बसला म्हणजे करार होतो. त्यात कृपेचा प्रश्नच येत नाही.

नवसाहूनही घातक आहे ती प्रसादाची वृत्ती. प्रसाद हातावर पडेल तेवढा घ्यावयाचा आणि कपाळाला लावावयाचा असतो. त्यात कमी-अधिक बोलावयाचे नसते. भुकेल्याला अन्न देणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या प्रसादालयावर सूर्याच्या उष्णतेने वाफ तयार करणाऱ्या ज्या तबकड्या बसविल्या आहेत, त्यांची आखणी व उभारणी करणाऱ्यांचे काम प्रसादावर झालेले नाही. त्याची किंमत ठरली असणार आणि ती मोजली गेली असणार. सेवेच्या स्थानीदेखील अभियंत्याच्या कामाला किंमत असते, मग नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत ती का नसावी?

तथागतांचे मत

कोणी म्हणेल, पैशासाठी असे भांडणे धम्माला शोभते काय? याचे उत्तर आपल्याच ग्रंथांत आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला सांगितले की दिशा म्हणजे माणसांची नाती होत, आणि प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंना कर्तव्ये असतात. अधोदिशा म्हणजे नोकरचाकर. त्यांच्याविषयी धन्याची पाच कर्तव्ये त्यांनी सांगितली: शक्ती पाहून काम द्यावे, भोजन व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थात वाटा द्यावा, आणि वेळेवर रजा द्यावी. दुसऱ्या कर्तव्यास पालीत 'भत्तवेतन' असा शब्द आहे. भत्त म्हणजे भोजन. आजच्या पगारपत्रकावरील 'भत्ता' हा त्याच कुळातील शब्द. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात धनी व सेवक यांच्या या परस्पर कर्तव्यांना स्थान दिले आहे. कूटदन्त सुत्तातही सांगितले आहे की राज्यातील अशांती दूर करावयाची तर शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास वेतन द्यावे.

हीच कर्तव्ये सांगताना तथागतांनी सेवकालाही बजावले आहे की जे दिले असेल तेवढेच घ्यावे. याचा आधार घेऊन कोणी म्हणेल की पाहा, बुद्धाने मागण्यास मनाई केली आहे. हा अर्थ चुकीचा आहे. ती आज्ञा चोरीविरुद्ध आहे, कराराविरुद्ध नाही. काय द्यावयाचे हे ठरविण्यापूर्वी बोलणे आणि ठरल्यानंतर न दिलेले उचलणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. शिवाय वेतन देणे हे धन्याचे कर्तव्य आहे असे एकदा म्हटले की ते मागणे हा सेवकाचा हक्क आपोआप सिद्ध होतो. कर्तव्याची आठवण करून देणे म्हणजे भांडण नव्हे.

मात्र शीलाचे बंधन आपल्यावरही आहे. पगार वाढवून घेण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे खोटे बोलावणे दाखवू नये. न केलेल्या कामाचा अनुभव लिहू नये. न येणारी विद्या येते असे सांगू नये. मृषावादापासून विरत राहण्याची प्रतिज्ञा मुलाखतीच्या खोलीतही लागू आहे. आपले बळ खऱ्या कामात आहे, आणि खरे बोलून किंमत मागणाऱ्याला खाली पाहावे लागत नाही.

आकडा जातीनिरपेक्ष नाही

कोणी असेही म्हणेल की बाजार जात पाहत नाही, बाजार काम पाहतो. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास काढून पाहा. कापडगिरणीत अधिक पगार विणकाम खात्यात होता, आणि त्याच खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा स्पृश्य कामगाराला चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. गिरणी एकच, भोंगा एकच, पण पगाराचे खाते वेगळे!

आज धाग्याचा प्रश्न उरलेला नाही, पण खात्यांचा उरला आहे. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रांतील नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठविले. आडनावे तेवढी निराळी ठेवली. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश इतकीच आढळली. त्याच वर्षी एस. माधेश्वरन आणि अटवेल यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून असा निष्कर्ष काढला की शहरांतील नियमित पगाराच्या नोकऱ्यांत, तितकीच पात्रता असलेल्या इतरांच्या मानाने, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला भेदभावामुळे सुमारे १५ टक्के कमी वेतन मिळते. अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांना दिसले की मुलाखतीत 'घरची पार्श्वभूमी' हटकून विचारली जाते, आणि तेथेच आपली मुले अडखळतात.

कायद्याचा आधारही येथे तोकडा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत लिंगावरून वेतनात भेद करण्यास मनाई आहे. त्या कलमात जातीचा उल्लेख नाही. म्हणून जोवर कायदा पुरे संरक्षण देत नाही तोवर कायद्याची मागणी करीत राहिले पाहिजे, आणि त्याच वेळी मुलाच्या हाती माहितीचे शस्त्रही दिले पाहिजे.

आकडा वाचावयास शिका

महाविद्यालयात कंपनी आली, मुलाची निवड झाली, 'पॅकेज' ३ लाख ६० हजारांचे, असे ऐकून आपण पेढे वाटतो. पेढे जरूर वाटा. पण त्याआधी प्रस्तावपत्र वाचा. वार्षिक ३,६०,००० रुपये म्हणजे दरमहा ३०,००० घरी येतील असे नव्हे. हा आकडा कंपनीच्या एकूण खर्चाचा असतो; त्यास मुले 'सीटीसी' म्हणतात. एक उदाहरण मांडून पाहू. मूळ वेतन दरमहा १५,००० आहे असे धरा. ३०,००० मधून कामगिरीवर अवलंबून असलेला भाग ३,००० रुपये; तो मिळेलच असे नाही. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा १२ टक्के म्हणजे १,८००. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२२. विम्याचा हप्ता समजा ४७८. असे ६,००० गेले, उरले २४,०००. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा १,८०० आणि व्यवसायकर २०० वजा केला म्हणजे हाती येतात २२,००० रुपये. महाराष्ट्रात २०२३ पासून दरमहा २५,००० पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसायकर माफ आहे. मुलीच्या बाबतीत हेही तपासून घ्यावे. या २२,००० मध्ये पुण्यातील खोलीचे भाडे, खाणावळ आणि घरी पाठवावयाची रक्कम बसवावयाची आहे. निधीत गेलेले पैसे बुडालेले नसतात, ती बचत आहे. पण ती या महिन्याचे भाडे देत नाही.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा. समजा दोन मुलांची योग्यता सारखी आहे. एकाने न बोलता ३,००,००० स्वीकारले. दुसऱ्याने बोलून ३,६०,००० मिळविले. दोघांनाही दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली. पहिल्या वर्षी फरक ६०,००० चा. दहाव्या वर्षी तो सुमारे १,२०,००० चा होतो, आणि दहा वर्षांत मिळून सुमारे ८ लाख ६९ हजार रुपयांचा. शिवाय दुसऱ्या कंपनीत जाताना पहिला प्रश्न हाच असतो की सध्या तुम्हाला किती मिळते. पहिला पगार हा असा बीजासारखा असतो. पेरताना मूठभर कमी पडले तर खळ्यावर पोती कमी भरतात.

कसे मागावे?

येथे खोटी आशा दाखविणे बरे नव्हे. मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या महाविद्यालयांतून शेकडो मुले एकदम घेतात, तेव्हा सर्वांना एकच आकडा असतो आणि तो एकट्याने बोलून बदलत नाही. गेली अनेक वर्षे हा आकडा साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळत राहिला आहे, महागाई मात्र थांबलेली नाही. पण अशा कंपन्यांतही श्रेणी असतात. टाटा कन्सल्टन्सीने नवपदवीधरांसाठी निन्जा, डिजिटल आणि प्राइम अशा श्रेणी केल्या. पहिलीचे वेतन वार्षिक ३.३६ लाख, तर दुसरीचे ७ लाखांच्या घरात होते. येथे वाटाघाट तोंडाने होत नाही, परीक्षेने होते. वरच्या श्रेणीची परीक्षा असते हेच ज्याला ठाऊक नाही तो तिला बसणार कसा? म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच ती माहिती काढली पाहिजे.

मध्यम व लहान कारखान्यांत मात्र आकडा बोलण्यावर ठरतो. तेथे जाणाऱ्या मुलाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मुलाखतीपूर्वी त्या गावात, त्या कामाला, नव्या माणसास काय मिळते हे निदान तीन ठिकाणी विचारून घ्यावे. अपेक्षा विचारल्यास "आपण द्याल ते" न म्हणता एक आकडा कारणासह सांगावा: मी अमुक प्रकल्प स्वतः उभा केला, मला अमुक यंत्र किंवा अमुक संगणकभाषा येते, आणि या कामाला या भागात इतके वेतन आहे असे मला समजले आहे. आकडा सांगून झाल्यावर गप्प बसावे. आपणच घाईने तो खाली आणू नये. घरच्या गरिबीचे वर्णन त्या खोलीत करू नये. गरिबीत लाज नाही. परंतु आपली गरज ऐकून कोणी पगार वाढवीत नाही, उलट हा कितीतही येईल हे त्याला कळते. पार्श्वभूमी विचारली तर "माझे वडील शेतमजुरी करतात, मी घरातील पहिला पदवीधर आहे" असे एका वाक्यात, अभिमानाने सांगावे आणि बोलणे कामाकडे वळवावे.

पगार वाढत नसेल तर इतर गोष्टी विचाराव्यात: सहा महिन्यांनी फेरविचार होईल काय, राहण्याची सोय आहे काय, रात्रपाळीचा भत्ता किती, बदलता भाग कमी करून निश्चित भाग वाढविता येईल काय. आपली नेमणूक कायम कर्मचारी म्हणून आहे की शिकाऊ उमेदवार म्हणून, हे स्पष्ट विचारून घ्यावे. शिकाऊ उमेदवाराला पगार नसतो, विद्यावेतन असते. २०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ उमेदवारासाठी ते दरमहा किमान ९,००० रुपये ठरविण्यात आले. जे ठरले ते लेखी घ्यावे. नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक दाखविले तर अधिकची रक्कम वेतनातच धरावी असेही सांगितले आहे.

करारपत्र, ज्यास 'बाँड' म्हणतात, न वाचता त्यावर सही करू नये. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली आहे. बाँड म्हणजे नुसता कागद, या समजुतीत राहू नये. पदवीची मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, प्रती द्याव्यात. आणि पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याच्या सावलीसही उभे राहू नये. पगार देणारा मालक पगाराआधी आपल्याकडूनच पैसे कशाला मागेल?

"पण मागितले आणि नोकरीच गेली तर?" हा प्रश्न खरा आहे. बेकार अभियंत्यांची संख्या मोठी आहे आणि आपल्या घरात थांबण्याची ऐपत नाही. त्याचे उत्तर असे की मागणे म्हणजे अडून बसणे नव्हे. एकदा, सभ्यपणे, कारण देऊन विचारलेल्या प्रश्नास बहुधा "नाही" एवढेच उत्तर येते. आणि "नाही" आले तरी पहिला प्रस्ताव बहुधा जागेवरच असतो. मग घरची गरज पाहून तो स्वीकारावा. कमी पगारावर काम पत्करणे यात अपमान नाही. आपली किंमत न जाणता, ती न सांगता, कमी पगार हीच आपली पायरी आहे असे मानणे यात मात्र अपमान आहे.

एकट्याचे बळ अपुरे

फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रो कंपनीने, ज्या नवपदवीधरांना वार्षिक साडेसहा लाखांचा प्रस्ताव दिला होता, त्यांच्यापुढे साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय ठेवला. महिनोन् महिने वाट पाहत घरी बसलेल्या मुलाने एकट्याने काय म्हणावे? त्या वेळी पुण्याच्या नाइट्स या माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने जाहीर आक्षेप घेतला. निर्णय फिरला की नाही हा प्रश्न वेगळा. पण अन्यायाला नाव मिळाले, ते संघटनेमुळे. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४६ साली मजूरमंत्री या नात्याने किमान वेतनाचे विधेयक मांडले. जातीचा प्रश्न आणि पगाराचा प्रश्न त्यांनी कधी निरनिराळे मानले नाहीत. आपल्या मुलांनी जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असावे आणि कामाच्या ठिकाणी संघटनेत मागे असावे, हे बरोबर नाही.

आणि आपण आईबापांनी काय करावे? पहिली गोष्ट, "मिळेल ते घे" हे वाक्य घरातून काढून टाकावे. दुसरी, मुलीच्या नोकरीस "लग्नापर्यंतची नोकरी" म्हणू नये. तिचा पगार तिच्या भावाच्या पगाराइतक्याच गंभीरपणे ठरवावा. तिसरी, मुलाला पहिल्या तीन महिन्यांचा खर्च भागेल इतकी रक्कम, लग्न-बारशाच्या खर्चात काटकसर करून, बाजूला ठेवावी. ज्याच्या खिशात तीन महिन्यांची भाकरी आहे त्याचा आवाज मुलाखतीत आपोआप स्थिर राहतो.

चौथी गोष्ट विहाराने करावयाची आहे. प्रत्येक विहारात एक वेतन-नोंदवही ठेवावी. नोकरीस लागलेल्या प्रत्येक मुलामुलीने आपले नाव न लिहिता शिक्षण, काम, गाव, प्रस्तावपत्रावरील आकडा आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम एवढे तीत लिहावे. इतर समाजांत ही माहिती जेवणाच्या पंगतीत मिळते. आपल्याकडे ती विहारात मिळावी. वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचनानंतर एक तास नोकरीत असलेल्या अभियंत्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या सरावाच्या मुलाखती घ्याव्यात, आणि तीत पगाराचा प्रश्न मुद्दाम विचारावा, तीन-चार वेळा विचारावा, जोवर मूल मान वर करून उत्तर देत नाही तोवर विचारावा. यास वर्गणी लागत नाही, देणगी लागत नाही. केवळ पुढे गेलेल्याने मागे वळून पाहावयास हवे.

नागपूरहून शिर्डीस येणारा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ज्या नागपूरच्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपला नवा जन्म झाला, तेथून ५२० किलोमीटरचा तो सरळ रस्ता आपल्या दाराशी आला आहे. रस्ते, पूल, विमानतळ, यंत्रे आणि संगणकाचे कार्यक्रम उभारण्याच्या कामात यापुढे आपल्या मुलांचे हात असणार. ते हात कोणाचे उपकार घेण्यासाठी पसरलेले नसावेत. कामाला पुढे झालेला हात दामालाही तितक्याच सहजपणे पुढे व्हावा.

दीक्षेच्या दिवशी आपण देवापुढे हात जोडणे सोडले. आता मालकापुढेही ते जोडू नका. नमस्कार करा, काम चोख करा, खरे बोला, आणि आपल्या श्रमाची किंमत आपल्या तोंडाने सांगा. ज्या दिवशी वस्तीतील मूल "आपण द्याल ते" न म्हणता "माझ्या कामाचे इतके होतात" असे शांतपणे म्हणेल, त्या दिवशी बलुत्याचा शेवटचा दाणा आपल्या घरातून झाडून टाकला असे समजावे.

नमो बुद्धाय! जय भीम!